खिशातली शाळा, लेखांक ७ : खाड्याचा हिशेब

स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेलं कालनिर्णय हे मी पाहिलेलं पहिलं विजेट. आई त्यावर दुधाचा हिशेब ठेवायची. दूध आलं त्या दिवशी ती काहीच लिहायची नाही. दूधवाला आला नाही, किंवा आम्हीच गावाला गेलो, तर त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने एक फुली. महिनाअखेरीला फुल्या मोजायच्या. तीस वजा चार, सव्वीस दिवसांचे पैसे, विषय संपला. याला खाडा म्हणतात. खाडा पडला म्हणून पुन्हा एकपासून मोजायला कुणी बसलं नाही.

मागच्या लेखात आपण नोटिफिकेशन पाहिलं. ते दार वाजवतं. विजेट दार वाजवत नाही, ते भिंतीवर असतं. ॲप न उघडता, फोनच्या पहिल्या पडद्यावरच दिसणारा त्याचा हा छोटा चौकोन. अँड्रॉइडवर तो २००९ पासून, १.५ या आवृत्तीपासून आहे. आयफोनच्या होम स्क्रीनवर यायला २०२० उजाडलं, आणि त्यावरची बटणं दाबता येण्यासाठी आणखी तीन वर्षं गेली. मुलं फोन हातात घेतात ती बहुधा दुसऱ्याच कशासाठी. त्या वाटेवर आपल्याला त्यांची एक नजर मिळते, सेकंद-दीड सेकंदाची. या एका नजरेत अभ्यासाला बसावंसं वाटेल असं काय दाखवायचं, एवढाच आजचा प्रश्न.

आधी एक तांत्रिक गोष्ट, कारण नवखे इथेच फसतात. विजेट म्हणजे छोटं ॲप नव्हे. ते चित्र असतं, मधूनमधून बदललं जाणारं. आयफोनवर आपण सिस्टिमला आधीच सांगून ठेवतो की चार वाजता हे चित्र, सहा वाजता ते. वारंवार पाहिल्या जाणाऱ्या विजेटलाही दिवसाकाठी साधारण ४० ते ७० वेळाच ताजं होण्याची मुभा असते. अँड्रॉइडवर ठरावीक वेळाने आपोआप ताजं व्हायचं, तर दोन वेळांत किमान अर्ध्या तासाचं अंतर लागतं. त्यामुळे ‘मुलाने गणित सोडवलं रे सोडवलं की विजेट नाचलं पाहिजे’ वगैरे कल्पना फळ्यावरच छान दिसतात.

आमची चार माणसांची टीम दहावीच्या मुलांसाठी सरावाचं ॲप करत होती. पहिल्या विजेटमध्ये आम्ही सगळंच कोंबलं. विषयवार टक्क्यांची वर्तुळं, सलग दिवसांचा आकडा, परीक्षेला उरलेले दिवस, वर एक सुविचार. देवनागरीने तिथे सूड उगवला. ओळीची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाने ठरवलेली, त्यामुळे वरच्या वेलांट्या आणि रफार कापले गेले, खालचे उकार पुढच्या ओळीत घुसले आणि ‘वर्गसमीकरणे’ हा शब्द ‘वर्गसमी…’ इतकाच उरला. ते आठवडाभरात दुरुस्त झालं. खरा दोष दुरुस्त व्हायला चार महिने लागले, आणि तो दाखवला माझ्या भाच्याने. त्याने विजेट उचलून तिसऱ्या पडद्यावर नेऊन ठेवलं होतं, कॅल्क्युलेटर आणि होकायंत्राच्या शेजारी. का, विचारलं तर म्हणाला, “मामा, ते बघितलं की टेन्शन येतं.”

त्याचं विजेट त्या दिवशी ‘सलग दिवस : ०’ असं सांगत होतं. आदल्या संध्याकाळपर्यंत तिथे २३ होते. मधे एका लग्नाचा दिवस आला होता.

सलग दिवसांची ही साखळी आम्ही काही शोधून काढलेली नव्हती. ती घराघरांत पोचवली डुओलिंगोने. लुईस फॉन आन आणि सेव्हेरिन हॅकर यांनी पिट्सबर्गमध्ये सुरू केलेलं हे भाषा शिकवणारं ॲप २०१२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्याचं विजेट हा आमच्या धंद्यात अभ्यासाचाच विषय आहे. हिरवं घुबड आणि शेजारी आकडा, बस. दिवस उतरत जातो, धडा झालेला नसतो आणि घुबडाचा चेहरा बदलत जातो. एक शब्दही न वाचता कळतं की काहीतरी राहिलंय. चित्रकार म्हणून मला त्याचा हेवा वाटतो.

पण साखळी कशाच्या जोरावर चालते? पहिले चार दिवस आकडा वाढण्याची मजा असते. पन्नाशी ओलांडली की आकडा तुटण्याची भीती चालवायला लागते. मिळवण्यापेक्षा गमावणं जास्त टोचतं, हे कानमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं, आणि साखळी नेमकी त्याच नसेवर बोट ठेवते. मग रात्री पावणेबाराला मूल अंथरुणातून एक सोपा प्रश्न सोडवतं, आकडा वाचवतं आणि झोपतं. अभ्यास वाचला का? डुओलिंगोलाही हे ठाऊक असणार, म्हणून तर त्यांनी एखाद्या दिवसाचा खंड झाकणारी ‘स्ट्रीक फ्रीज’ची सोय ठेवली. गिटहब या प्रोग्रामरांच्या अड्ड्याने २०१६ मध्ये प्रोफाइलवरचा सलग दिवसांचा आकडा काढूनच टाकला. हिरव्या चौकटींचं वर्षाचं कोष्टक तेवढं ठेवलं.

आणि मुळात एका दिवसाच्या खंडाने बिघडतं तरी काय? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा १२ आठवडे माग ठेवला. २०१० सालचा तो निबंध ‘सवय लागायला ६६ दिवस’ या आकड्यासाठी सगळीकडे उद्धृत होतो. प्रत्यक्षात माणसामाणसात १८ ते २५४ दिवस इतका फरक निघाला होता, ते कुणी सांगत नाही. त्यातलंच आणखी एक निरीक्षण मागे पडलं : एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा अडथळा येत नाही. म्हणजे दूधवाल्याचा हिशेब बरोबर होता आणि आमचं विजेट चुकत होतं.

आम्ही सलग दिवसांचा आकडा काढला आणि महिन्याच्या चौकटी आणल्या. अभ्यास झाला तो दिवस भरलेला. खाड्याचा दिवस कोरा. लाल नाही, फुली नाही, रडका चेहराही नाही. आकडा एकच, ‘या महिन्यात १९ दिवस’. तो वाढतो नाहीतर थांबतो, शून्यावर कोसळत नाही.

त्याखाली एक ओळ, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त काम तीच करते. आधी तिथे ‘आज गणिताचा अभ्यास करा’ असं होतं. याला कुणी बधत नाही. घरात हे वाक्य दिवसातून सहा वेळा ऐकू येतंच. आता तिथे ‘सरावसंच २.३, दोन उदाहरणं’ असं येतं. कधी, कुठे, काय हे आधीच नेमकं ठरलेलं असेल तर माणूस कामाला लागण्याची शक्यता वाढते, हे पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाच्या कामातून पुढे आलं. म्हणून वेळही मुलालाच निवडायला लावली : ‘चहा झाल्यावर’, ‘क्लासहून आल्यावर’. खाड्याच्या दुसऱ्या दिवशी ही ओळ कालच्याबद्दल अवाक्षर काढत नाही. फक्त दोनऐवजी एकच उदाहरण मागते.

मोजायचं काय, यावर टीममध्ये भांडणं झाली. मिनिटं मोजणं सोपं, पण ॲप उघडं ठेवून फोन उशीखाली सरकवणारी मुलं आम्ही पाहिली होती. शिवाय नुसतं वाचत बसण्याची मिनिटं फसवी असतात. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या एका प्रयोगात उतारा चार वेळा वाचणाऱ्यांना आठवड्याने त्यातलं ४० टक्के आठवलं. एकदा वाचून तीनदा न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. तेव्हा आम्ही पुस्तक न बघता सोडवलेली उदाहरणं मोजतो. नाणी आणि पदकं मात्र मी अडवली. चित्र काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली, तर पुढे त्यांची आपणहून काढायची हौसच उतरते, हे १९७३ मध्येच दिसलेलं आहे.

दोन बारक्या गोष्टी. एक, दिवस कधी संपतो? अभ्यासिकेतून रात्री साडेबाराला परतलेल्या मुलाची उदाहरणं उद्याच्या खात्यात टाकणं हा अन्याय आहे. अँकी या उजळणीच्या ॲपमध्ये नवा दिवस पहाटे चारला सुरू होतो. आम्ही ते सरळ उचललं. दोन, फोन कुणाचा? आमच्या कितीतरी मुलांकडे स्वतःचा फोन नाही, ॲप आईच्या फोनवर आहे. ‘तीन दिवस अभ्यास नाही’ हे वाक्य तिथे मुलाच्या नजरेला पडण्याआधी आईच्या पडतं, आणि मग विजेटचं प्रगतिपुस्तक होतं. जेवणाच्या ताटावर उघडलं जाणारं. त्यामुळे विजेट लावताना आम्ही पहिला प्रश्न तोच विचारतो आणि फोन सामायिक असेल तर आकडा लपवतो, फक्त पुढचं उदाहरण दाखवतो. भाच्याच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, हे अजिबात पटलेलं नाही. “मग मला कळणार कसं?” म्हणाली. तिला कळू नये, हाच हेतू आहे हे तिला सांगण्याचं धाडस मला झालं नाही.

भाच्याने विजेट परत पहिल्या पडद्यावर आणलं. त्याचा फेब्रुवारी १९ दिवसांचा झाला, मार्च त्याहून कमी, कारण पेपर सुरू झाले. शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी त्याचा स्क्रीनशॉट आला. परीक्षा संपली की विजेटने काय दाखवायचं, हे आमच्यापैकी कुणी लिहिलंच नव्हतं. चौकोनात नेहमीसारखं ‘आज दोन उदाहरणं’ झळकत होतं, आणि खाली त्याने दोनच शब्द टाइप केले होते : “मामा, खाडा.”

पुढच्या आठवड्यात : पाठांतराची पत्ती.