दम्यातले कॅल्शियम आणि हाडांचे कॅल्शियम

पहाटेचा गारवा, उदबत्तीचा धूर किंवा फोडणीचा ठसका. निरोगी माणूस दोनदा खोकून मोकळा होतो. दमा असलेल्या आजींना मात्र तेवढ्यानेच धाप लागते आणि छातीत घरघर सुरू होते. या फरकामागे श्वासनलिकांच्या पेशींतील कॅल्शियमचा मोठा वाटा आहे. हे ऐकल्यावर एक शंका साहजिकच मनात येते : मग हाडांसाठी घेत असलेली कॅल्शियमची गोळी बंद करावी काय?

याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. त्याचे कारण समजून घेऊ.

श्वासनलिकांच्या भिंतींत अनैच्छिक स्नायूंचे वेढे असतात. हे स्नायू सैल असताना त्यांच्या पेशींतील मुक्त कॅल्शियम बाहेरच्या द्रवापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असते. हिस्टामिन किंवा ॲसिटिलकोलिन यांसारख्या रसायनांचा इशारा मिळताच पेशीच्या आतील साठ्यातून कॅल्शियम मोकळे होते. काही बाहेरूनही आत येते. ते कॅल्मोड्युलिन या प्रथिनाशी जोडले जाते, स्नायूतील तंतू एकमेकांवर सरकतात आणि नलिका आवळली जाते. दम्यात नलिकांना सूज असते, स्नायूंचा थर जाड झालेला असू शकतो; म्हणून क्षुल्लक कारणानेही हे आकुंचन तीव्र होते.

पेशीतील ही भरती-ओहोटी क्षणाक्षणाला पेशी स्वतःच सांभाळते. रक्तातील कॅल्शियमची पातळी पॅराथायरॉईड ग्रंथी आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांच्या नियंत्रणाखाली असते. त्यामुळे पेलाभर दूध किंवा एक गोळी घेतल्याने श्वासनलिका आवळत नाहीत. उलट, दम्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या वारंवार घ्याव्या लागणाऱ्या ज्येष्ठांची हाडे ठिसूळ होण्याचा धोका असतो. अशा वेळी कॅल्शियम परस्पर बंद करणे हानिकारक ठरू शकते.

याच्या उलट गैरसमजही टाळावा. अ‍ॅम्लोडिपिनसारखी रक्तदाबाची औषधे पेशीत कॅल्शियम शिरण्याचा एक मार्ग रोखतात; परंतु श्वासनलिकेचा स्नायू बराचसा आतील साठ्यावर चालत असल्याने ती दम्याचे औषध ठरत नाहीत. सालब्युटामॉलचा पंप मात्र स्नायूतील कॅल्शियम आणि त्याचा परिणाम दोन्ही कमी करून काही मिनिटांत नलिका सैल करतो. तरीही मूळची सूज तशीच राहते. म्हणूनच बरे वाटत असतानाही स्टिरॉइडयुक्त पंप डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे नियमित घ्यावा व नंतर चूळ भरावी.

घरच्यांनी आणखी एक दक्षता घ्यावी. बीटा-ब्लॉकर गटातील काही औषधे नेमके हे सैलावणे रोखू शकतात. काचबिंदूसाठीचे टिमोलॉलचे थेंबही त्यांतलेच. डोळ्यांच्या किंवा हृदयाच्या डॉक्टरांकडे जाताना दम्याचा उल्लेख अवश्य करावा आणि सर्व औषधांची यादी सोबत न्यावी. मात्र चालू असलेले कोणतेही औषध स्वतःहून थांबवू नये.

पंपाची गरज नेहमीपेक्षा वाढली किंवा रात्री झोपमोड होऊ लागली, तर लवकर तपासणी करून घ्यावी. पंप घेऊनही धाप कमी होत नसेल, वाक्य पूर्ण बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.