कातळावर शिकवणाऱ्याची परीक्षा

पावसाळा सरून कातळ वाळले की मुंब्रा, कान्हेरी, नागफणी अशा ठिकाणी पुन्हा दोर लागतात. त्या गर्दीत दोन-चार जण असे असतात, ज्यांना यंदा नुसते चढायचे नसते, प्रस्तरारोहणाचे प्रशिक्षक व्हायचे असते. आपल्याकडे त्याचा रूढ मार्ग ठरलेला आहे. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी बेसिक आणि ॲडव्हान्स हे दोन अभ्यासक्रम ‘ए’ श्रेणीत पूर्ण करायचे, मग ‘मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन’ म्हणजे एमओआय.

तयारीतली पहिली चूक बहुधा बोटांच्या बाबतीत होते. बोटे मिटणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात. त्यांची ओढ लांब कंडरांमधून बोटाच्या टोकाशी पोहोचते. या कंडरा हाडाला लगटून राहाव्यात म्हणून वाटेत कड्यांसारखे पट्टे असतात, त्यांना पुली म्हणतात. बोटे मुडपून बारीक खाचेला लटकले की बोटाच्या मुळाजवळच्या पुलीवर जबर ताण येतो. स्नायूंत काही आठवड्यांत बळ येते. कंडरा आणि पुलींना मात्र महिने लागतात. म्हणून चार महिने घरी बसून ऑक्टोबरात एकदम कातळाला भिडणाऱ्याचे दंड साथ देतात आणि अनामिका दगा देते. पावसाळाभर कृत्रिम भिंतीवर, मोठ्या पकडींवर, बोटे फार न मुडपता केलेला हलका सराव अशा वेळी कामी येतो.

पण प्रशिक्षकाला सर्वांत अवघड कडा चढून दाखवायचा नसतो. त्याचा दोर दुसऱ्याच्या भरवशाचा असतो. तिथे शाळेतली भूमिती आठवावी लागते. ८० किलोचा माणूस दोन अँकरवर तोललेला असेल आणि त्या दोन पट्ट्यांमधला कोन ६० अंशांचा असेल, तर प्रत्येक अँकरवर सुमारे ४६ किलो भार येतो. कोन १२० अंशांवर गेला की प्रत्येकावर पूर्ण ८०. म्हणजे दोन अँकर लावून फायदा शून्य. १५० अंशांना तर प्रत्येकी दीडशे किलोंच्या वर! माथ्यावर पट्टी आखूड पडली म्हणून ताणून बांधणाऱ्याने हा हिशेब आधी करायला हवा.

सर्वाधिक सराव लागतो तो सुटकेचा. रॅपलिंग करताना एखाद्या मुलीचे केस डिसेंडरमध्ये अडकतात, कुणी घाबरून मध्येच गोठतो. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांचे स्नायू हलत नाहीत, त्यामुळे रक्त वर ढकलले जात नाही, पायांत साचते. काही मिनिटांतच भोवळ येऊ शकते. अशा वेळी पाय हलवत राहायला, कातळाला टेकवायला ओरडून सांगायचे आणि त्याला लवकरात लवकर खाली घ्यायचे. खाली आणल्यावर काय करायचे, याबाबत जुना समज अजूनही कानावर येतो: आडवे करू नका, अर्धा तास बसवून ठेवा. हा सल्ला आता मागे पडला आहे. माणसाला आडवेच करायचे, श्वास मोकळा आहे ना ते पाहायचे आणि रुग्णालयात न्यायचे. शिबिरांच्या जुन्या वह्यांतून पाठांतर करणाऱ्यांनी हे पान बदलून घ्यावे.

राहिले शिकवणे. फिगर ऑफ एटची गाठ डोळे मिटून बांधणारा गडी पंधरा पोरांसमोर उभा राहिला की अडखळतो, कारण हाताला ठाऊक असलेले तोंडाला ठाऊक नसते. जाणते लोक त्यासाठी सोपा उपाय सांगतात. घरातल्या, कधीही न चढलेल्या माणसाला हार्नेस घालायला शिकवायचे, स्वतः हात न लावता, फक्त बोलून. मग बकल, गाठ, कॅराबिनरचा स्क्रू आणि हेल्मेटचा पट्टा त्याच क्रमाने, मोठ्याने म्हणत तपासायचे. दिवसभर उन्हात शिकवून थकल्यावर, संध्याकाळच्या शेवटच्या विद्यार्थ्यालाही तसेच.