एका वेळी एकच पाहुणा

फोनची घंटा वाजते. घरातलं कुणी उठत नाही. टेबलावरचा मोडेमच फोन उचलतो, शीळ घालतो, फ्लॉपी ड्राइव्हचा लाल दिवा लागतो आणि शेजारच्या पडद्यावर गावातल्याच कुणाचं तरी नाव एकेका अक्षराने उमटायला लागतं. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या हजारो घरांत हे रोज घडत होतं. याचं नाव बुलेटिन बोर्ड सिस्टिम, लोकांच्या तोंडी 'बीबीएस'. वेब जन्माला येण्याआधीची ही ओसरी. ती मांडायला लागायचं काय? एक होम कॉम्प्युटर, एक मोडेम, एक फोन लाइन आणि माणसांची हौस असलेला यजमान. या यजमानाला 'सिसॉप' म्हणत, म्हणजे सिस्टिम ऑपरेटर. त्या ओसरीवरच्या या गमतीजमती. यातल्या बहुतेक गोष्टी शेवटी एकाच अडचणीपाशी येतात: लाइन एक, म्हणून पाहुणाही एक.

बर्फाने दिलेली सुट्टी

जानेवारी १९७८. हिमवादळाने शिकागोचे रस्ते बंद पडले. आयबीएममध्ये नोकरी करणारे वॉर्ड क्रिस्टेन्सन घरी अडकले, म्हणून त्यांनी मित्राला, रँडी स्यूस यांना, फोन लावला. दोघेही हौशी कॉम्प्युटरवाल्यांच्या एका क्लबचे सभासद. क्लबात कॉर्कचा एक फलक होता. कुणाला काय विकायचंय, कुणाला कुणाची गाडी हवीय, अशा चिठ्ठ्या त्यावर टाचणीने लावलेल्या असत. हाच फलक फोनवर आणायचा असं ठरलं. हार्डवेअर स्यूस यांचं, सॉफ्टवेअर क्रिस्टेन्सन यांचं. १६ फेब्रुवारी १९७८ ला सीबीबीएस हा जगातला पहिला डायल-अप बोर्ड रीतसर सुरू झाला. क्रिस्टेन्सन पुढे सांगत, काम खरं तर दोन आठवड्यांतच उरकलं होतं. कुणाला खरं वाटणार नाही म्हणून महिना सांगितला!

यजमानपद मिळालं पत्त्यामुळे

तो कॉम्प्युटर स्यूस यांच्याच घरी का ठेवला? कारण त्यांचं घर शिकागो शहरात होतं आणि तिथे फोन केला तर आसपासच्या बहुतेकांना लोकल कॉलचाच दर पडायचा. पुढे सगळ्याच बोर्डांचं असं झालं. लांबचा कॉल महाग, म्हणून येणारे पाहुणे पंचक्रोशीतले. ज्याच्याशी रात्री पडद्यावर वाद घातला तोच शनिवारी पिझ्झाच्या टेबलावर समोर बसलेला असायचा. सीबीबीएस बंद होईपर्यंत तिथे २,५३,३०१ कॉल आल्याची नोंद आहे.

सेकंदाला ३० अक्षरं

सुरुवातीचे मोडेम सेकंदाला ३०० बिट पाठवत. एका अक्षराचे आठ बिट, पुढे-मागे एकेक खुणेचा बिट, म्हणजे दहा. हिशेब सरळ: सेकंदाला ३० अक्षरं. कमोडोर ६४ या तेव्हाच्या होम कॉम्प्युटरच्या पडद्यावर ४० अक्षरांच्या २५ ओळी बसतात, एकूण १,००० अक्षरं. म्हणजे एक पडदा भरायला ३३ सेकंद. डोळ्यांदेखत शब्द जुळत जायचे आणि वाचणारा त्यांच्याबरोबरच चालायचा. लोक पत्र अख्खं वाचत, कारण पुढे पळायला वाटच नव्हती.

एका बिटासाठी ३,४०० ठोके

कमोडोर ६४ स्वस्त ठेवायचा म्हणून मोडेमशी बोलणारी वेगळी चिप त्यात घातली नव्हती. मग मुख्य प्रोसेसरनेच एकेक बिट वेळ मोजून पाठवायचा. प्रोसेसरची गती सेकंदाला साधारण दहा लाख ठोके. ३०० च्या वेगाने एक बिट म्हणजे सुमारे ३,४०० ठोक्यांचं अंतर. एकीकडे हे मोजमाप आणि त्याच वेळी पाहुण्याला मेन्यू दाखवायचा, फ्लॉपी वाचायची, पत्रं जपायची. ६४ किलोबाइट मेमरीत हा सगळा कारभार!

'डिलीट दाबा'

कमोडोरवरच्या बोर्डाला फोन लावला की नाव विचारण्याआधीच पहिली विनंती यायची: तुमची डिलीट कळ दाबा. हा पाहुण्याची जात-कुळी ओळखण्याचा मार्ग. कमोडोरची ती कळ २० हा आकडा पाठवते, बाकीच्या कॉम्प्युटरांची बॅकस्पेस बहुधा ८. वीस आले की यजमान ओळखायचा, हा आपल्यातलाच, आणि मग रंगीत चौकटी, चित्रं, नाचणारी अक्षरं अशी थाटाची पंगत मांडायचा. आठ आले तर साधं जेवण, नुसता मजकूर. ही विचारपूस हवीच, कारण कमोडोरची अक्षरांची सांकेतिक यादी इतरांहून वेगळी. रूपांतर न करता मजकूर घेतला की इंग्रजीतली मोठी अक्षरं छोटी दिसायची आणि छोटी मोठी.

एका तबकडीवर संसार

कमोडोरच्या १५४१ ड्राइव्हमधली फ्लॉपी १७० किलोबाइटची. त्यात बोर्डाचा प्रोग्रॅम, सभासदांची यादी, सगळ्यांची पत्रं. आजच्या मोबाइलने काढलेला एक फोटो त्यात मावायचा नाही. जागा संपली की सिसॉप बसून जुनी पत्रं निवडून काढी. कुठलं ठेवायचं, कुठलं पुसायचं, हे त्याने स्वतः वाचून ठरवलेलं असे. मजा म्हणजे हा १५४१ ड्राइव्ह स्वतःच एक छोटा कॉम्प्युटर होता. त्यात स्वतंत्र प्रोसेसर आणि २ किलोबाइट मेमरी! तो तापायचाही सपाटून. आणि ती अख्खी फ्लॉपी ३०० च्या वेगाने फोनवरून पाठवायची म्हटली तर दीड तासाहून जास्त वेळ लागायचा.

१३२ बाइटची पुरचुंडी

फोन लाइनवर खरखर ठरलेली. मग प्रोग्रॅम बिघडल्याशिवाय पोचायचा कसा? याचं उत्तरही क्रिस्टेन्सन यांचंच: १९७७ साली त्यांनी लिहिलेला एक्समोडेम. फाइलचे १२८-१२८ बाइटचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याआधी तीन बाइट: सुरुवातीची खूण, तुकड्याचा क्रमांक आणि पडताळ्यासाठी तोच क्रमांक उलटा करून. शेवटी एक बाइट बेरजेचा. घेणारा स्वतः बेरीज करून बघतो. जुळली तर 'पोचलं', नाही तर 'परत पाठव'. ३०० च्या वेगाने एका पुरचुंडीला साडेचार सेकंद. वाण्याच्या दुकानात यादीवर टिक मारत सामान मोजून घ्यावं, तसा हा व्यवहार. क्रिस्टेन्सन यांनी तो सर्वांना फुकट देऊन टाकला आणि जगभरच्या बोर्डांनी उचलला.

तीन अधिक चिन्हांचा हिसका

१९८१ साली हेज कंपनीचा स्मार्टमोडेम आला आणि फोन लावणं, उचलणं, ठेवणं हे सगळं टाइप केलेल्या साध्या हुकमांवर व्हायला लागलं. 'एटीडीटी' म्हटलं की नंबर फिरव, 'एटीएच' म्हटलं की फोन ठेव. पण बोलणं चालू असताना मोडेमला हुकूम द्यायचा कसा? एक सेकंद गप्प बसायचं, मग '+++' टाइप करायचं, पुन्हा एक सेकंद गप्प. त्या शांततेवर हेजचं पेटंट होतं. ते टाळायला काहींनी शांततेशिवायच चालणारे मोडेम काढले आणि टवाळांना खेळणं मिळालं. पत्रात '+++' आणि त्यापुढे फोन ठेवायचा हुकूम लिहायचा. त्या मोडेमवरून एखाद्याने तो मजकूर पाठवला की त्याचाच फोन खटकन बंद!

सिसॉपला हाक

बोर्डाच्या मेन्यूत बहुधा एक पर्याय असायचा: यजमानाला बोलवा. तो दाबला की सिसॉपच्या खोलीत कॉम्प्युटर टुणटुण वाजायचा. तो जागा असेल तर चहाचा कप घेऊन बसायचा आणि तुमच्याच ओळीखाली त्याची ओळ उमटायची. पाहुणा टाइप करत असलेलं सगळं त्याला तसंही आपल्या पडद्यावर दिसत असे. बाहेर ताटकळलेल्यांसाठी दुसरा नियम: प्रत्येकाला दिवसाची ठरावीक मिनिटं. ती संपली की रामराम, कारण पुढचा माणूस एंगेज टोन ऐकत पुन्हा पुन्हा नंबर लावत असायचा.

सात जणांचा कट्टा

एकट्या पाहुण्याला कंटाळलेल्यांसाठी ॲपल टू या कॉम्प्युटरवर डायव्हर्सी-डायल नावाचा प्रोग्रॅम निघाला. कॉम्प्युटरच्या पोटातल्या खाचांत मोडेमच मोडेम खोचायचे, जास्तीत जास्त सात. मग तितके जण एकाच वेळी गप्पा मारत. प्रत्येक मोडेमला वेगळी फोन लाइन लागे, त्यामुळे सिसॉपचं फोनचं बिल सांगायलाच नको.

रात्रीची डाक

१९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्ज यांनी फिडोनेट सुरू केलं. कल्पना साधी. रात्री लांबच्या कॉलचा दर उतरतो, त्या वेळी बोर्डांनी आपसांत फोन करून पत्रांची पोती बदलायची. ठरलेल्या तासात पाहुण्यांना दार बंद, फक्त डाक. बोर्डाकडून बोर्डाकडे टप्पे घेत पत्र देशाच्या दुसऱ्या टोकाला जायचं. १९९५ च्या सुमारास या जाळ्यात जवळपास ४०,००० बोर्ड होते आणि सगळा डोलारा हौशी माणसांनी आपल्या बिलावर उभा केलेला.

आजीबाईंची झोप

फिडोनेटच्या सुरुवातीच्या यादीत एकदा एक नंबर चुकीचा छापला गेला. तो निघाला एका म्हाताऱ्या बाईंचा. मध्यरात्री घंटा वाजायची. फोन उचलला की पलीकडे कुणी नाही. काही मिनिटांत पुन्हा घंटा. यंत्रं इमानदारीने रोज रात्री प्रयत्न करत राहिली! हा प्रकार कळल्यावर नियम झाला: नवा बोर्ड यादीत यायचा असेल तर त्याने आधी फिडोच्याच डाकेने अर्ज पाठवायचा. अर्ज पोचला म्हणजे बोर्ड चालतो हे सिद्ध, मगच नंबर छापायचा. आजही आवडावा असा नियम आहे हा. दुसऱ्याच्या घरची घंटा वाजवण्याआधी आपण आपली खात्री करून घ्यायची.

दिवसाचा डाव

बोर्डावर खेळही असत. बोर्डाच्या प्रोग्रॅममधून दारातून बाहेर पडावं तसं त्या खेळात जायचं, म्हणून त्यांना 'डोअर' म्हणत. सेथ रॉबिन्सन यांचा 'लेजंड ऑफ द रेड ड्रॅगन' १९८९ चा. त्यात जंगलात रोज ठरावीकच लढाया लढता येत. मग डाव उद्यावर. खेळाडू एकमेकांशी भिडत, पण एका लाइनच्या बोर्डावर एकाच वेळी कधीच नाही. तुम्ही झोपलेले असताना शत्रू येऊन वार करून जायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याची खबर मिळायची. टपालाने बुद्धिबळ खेळतात तसंच.

झटपट चार

• १९८३ च्या 'वॉरगेम्स' चित्रपटातला मुलगा मोडेमने एकामागून एक नंबर फिरवत बसतो. या उद्योगाला नंतर 'वॉर डायलिंग' हेच नाव पडलं.

• विस्कॉन्सिनमधला एक्झेक-पीसी हा बोर्ड १९८३ साली सुरू झाला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या २०० हून जास्त लाइन होत्या.

• १९८५ मध्ये कमोडोरवाल्यांसाठी निघालेली क्वांटम लिंक ही सेवा म्हणजे पुढच्या एओएलचं मूळ.

• जेसन स्कॉट यांनी सिसॉप आणि पाहुण्यांच्या मुलाखती घेत हिंडून २००५ साली आठ भागांचा माहितीपट केला.

आपल्याकडची घंटा

भारतातही बोर्ड होते. बंगळूरमध्ये अतुल चिटणीस यांनी चालवलेला सीआयएक्स नावाजलेला. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, त्याआधी घरच्या फोनवरून दुसऱ्या कॉम्प्युटरशी बोलायचं तर बहुतेकांना वाट हीच. आपल्या जुन्या एक्सचेंजांना बटणांचे सूर कळत नसत, तबकडीच्या डायलचे ठोकेच लागत. म्हणून 'एटीडीटी' ऐवजी 'एटीडीपी' लिहायचं, मग मोडेम टक-टक-टक करत नंबर लावायचा. आणि एसटीडीचा दर उतरायची वाट बघत रात्री जागणारी घरं आपणही पाहिलीच आहेत.

घंटा अजून वाजते

वेब आलं आणि पाच-सहा वर्षांत बहुतेक ओसऱ्या ओस पडल्या. काही मात्र पुन्हा झाडून-सारवून उघडल्या गेल्या आहेत, तेही त्याच जुन्या यंत्रांवर. युक्ती सुरेख आहे. कमोडोरच्या मागे मोडेमच्या जागी वाय-फायची एक स्वस्त चिप लावतात. ती जुनीच हेजची भाषा बोलते. 'एटीडीटी' पुढे फोन नंबराऐवजी इंटरनेटचा पत्ता लिहायचा. पलीकडे कुणी जोडलं गेलं की ही चिप बोर्डाच्या कॉम्प्युटरला जुना मोडेम पाठवायचा तोच चार अक्षरी इंग्रजी शब्द पाठवते, 'रिंग'. चाळिशी ओलांडलेल्या त्या यंत्राला वाटतं फोन वाजला, आणि ते उचलतं.

अशा बोर्डावर गेलात तर डिलीट दाबून ओळख पटवा, नाव सांगा. कुणी आधीच आत असेल तर थोड्या वेळाने पुन्हा या, कारण पाहुणा अजूनही एका वेळी एकच. आत गेल्यावर 'आधी येऊन गेलेले' अशी छोटी यादी दिसेल. ती जरूर वाचा. निघताना दोन ओळींचं पत्र ठेवा. तुमचं नाव त्या यादीत सर्वांत वर लागेल आणि सकाळी यजमान उठून आधी तेच बघेल.