भाषा विभागाची परदेश सहल : सुरतेच्या इतिहासातून एक विचार

भाषा विभागाने विद्यार्थ्यांची परदेश सहल काढायची म्हटले की पहिली चर्चा खर्चाची होते. पासपोर्ट, व्हिसा, तिकिटे यांतच महिने जातात आणि सहलीतून भाषेचे कोणते शिक्षण व्हावे, हा मूळ प्रश्न मागे पडतो. या प्रश्नाचा विचार करताना सुरतेच्या इतिहासातील एक उदाहरण मार्गदर्शक ठरते.

मुघल काळात सुरत हे हजयात्रेचे प्रमुख बंदर होते. ‘बाब-उल-मक्का’ म्हणजे मक्केचे द्वार, असे या शहराला म्हटले जाई. शाहजहानच्या काळात, १६४४ साली, येथे प्रवाशांसाठी मुघल सराई बांधण्यात आली. याच इमारतीत पुढे महानगरपालिकेचे मुख्यालय आले. औरंगजेबाची कन्या झेबुन्निसा हिच्या आश्रयाने सफी बिन वली हे विद्वान १६७६-७७ मध्ये सुरतेहून हजला गेले. परतल्यावर त्यांनी फारसीत ‘अनीसुल हुज्जाज’, म्हणजे ‘हाजींचा सोबती’, हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात प्रवासवर्णनाबरोबरच पुढील यात्रेकरूंसाठी व्यावहारिक सूचनाही आहेत. या ग्रंथाच्या सचित्र हस्तलिखितात सुरत बंदराचेही चित्र आढळते.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, एकाच्या प्रवासाचा खर्च आश्रयदात्याने केला, पण त्याचा लाभ अनेकांना झाला. शैक्षणिक सहलीलाही हीच कसोटी लावता येते. त्यासाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत :

१) पूर्वतयारी : अरबी वा फारसी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला वाट विचारणे, खरेदी करणे, आभार मानणे एवढे संभाषण निघण्यापूर्वीच यावे.

२) प्रत्यक्ष नोंद : दररोज ऐकलेले नवे शब्द, पाट्यांवरील मजकूर आणि त्यांचे संदर्भ वहीत लिहावेत.

३) परतल्यानंतरचे लेखन : न गेलेल्या वर्गमित्रांना उपयोगी पडेल अशी पुस्तिका मातृभाषेत तयार करावी.

तरीही एक अडचण उरते. ज्याच्या पालकांची ऐपत आहे तोच जाणार असेल, तर सहलीमुळे वर्गात दोन वर्ग पडतात. युरोपात १९८७ साली सुरू झालेल्या ‘इरॅस्मस’ योजनेत जाणाऱ्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळते आणि तेथील अभ्यास मूळ संस्थेतही ग्राह्य धरला जातो. आपल्या संस्थांनाही गुणवत्ता आणि गरज पाहून काही जागांचा खर्च उचलता येईल.

तेही शक्य नसेल, तर पहिली सहल सुरतेतच काढावी. मुघल सराई, डच व इंग्रज दफनभूमी ही स्थळे परदेशी संपर्काची साक्ष देतात. महानगरपालिकेच्या शाळांत गुजराती, उर्दू, मराठी, हिंदी, उडिया, तेलुगू अशी विविध माध्यमे आहेत. उर्दू कवी वली दखनी यांनी तर या शहरावर मसनवी रचली. गावातील शेजाऱ्याची भाषा कान देऊन ऐकायला शिकलेला विद्यार्थीच उद्या परदेशात गेल्यावर तेथील भाषाही ऐकू शकेल.