पगाराचा आकडा आणि घराचा हिशेब

सानपाड्यात राहणाऱ्या आणि वाशीच्या दाणाबाजारात गाळा असलेल्या एका जैन कुटुंबात २०२५ च्या वैशाखात नियुक्तीचे एक पत्र आले. थोरला मुलगा सनदी लेखापाल. ऐरोलीच्या एका कंपनीत हिशेब विभागात त्याला वर्षाला पंधरा लाख रुपये मिळत होते. बंगळूरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतील कंपनीने तेवीस लाखांचे पत्र पाठविले होते. घरात पेढे वाटले गेले. रात्री वडिलांनी मात्र वहीचे एक कोरे पान काढून मुलापुढे ठेवले आणि म्हणाले, “आनंद झाला, आता हिशेब मांड.” पंच्याऐंशी वर्षांच्या आजीने एकच प्रश्न विचारला, “तिथे दिवस केव्हा मावळतो?”

नव्या शहरात जाण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबांपुढे हे दोन्ही प्रश्न असतात. पहिला कागदावर उतरतो. दुसरा बहुधा राहून जातो.

एकदा केलेले स्थलांतर

या घराला असा हिशेब नवा नव्हता. नव्वदीच्या दशकाच्या प्रारंभी मुंबईतील धान्य-मसाल्याचा घाऊक व्यापार मशीद बंदराच्या परिसरातून वाशीला आला, तेव्हा आजोबांनीही असेच पान मांडले होते. जुनी जागा पागडीची, भाडे नाममात्र. वाशीच्या गाळ्यासाठी भांडवल हवे होते. ठाणे खाडीवरून वाशीपर्यंत लोकल धावू लागली ती मे १९९२ मध्ये. त्याआधी घरून बाजारात पोहोचणे हेच एक काम होते. भाड्यापुरते पाहिले तर मशीद बंदर स्वस्त होते. परंतु अरुंद गल्ल्यांत अडकून पडणारे ट्रक, त्यापायी वाढणारी हमाली आणि माल उतरायला लागणारा वेळ पानावर लिहिला की उत्तर उलटे येत होते. आजोबांनी गाळा घेतला आणि काही वर्षांनी घरही खाडीपलीकडे आणले. वडिलांच्या मनात तो धडा पक्का होता: जे दिसते तेवढाच खर्च नसतो.

निर्देशांक काय सांगतो आणि काय सांगत नाही

मुलाने आरंभ केला तो महागाईच्या निर्देशांकापासून. केंद्र सरकारचा लेबर ब्युरो औद्योगिक कामगारांसाठी ८८ केंद्रांचा ग्राहक किंमत निर्देशांक प्रसिद्ध करतो. २०१६ हे त्याचे आधारवर्ष. मुंबईचा आकडा इतका आणि बंगळूरूचा तितका, म्हणजे एक शहर दुसऱ्यापेक्षा इतके टक्के महाग, असा अर्थ अनेक सुशिक्षित माणसेही काढतात. तो चुकीचा आहे. २०१६ मध्ये मुंबईचाही निर्देशांक १०० धरला आणि बंगळूरूचाही १००. त्या वर्षी मुंबईचे घरभाडे किती अधिक होते, हे त्यात कोठेच नाही. एकाच शहरात भाव काळानुसार किती वाढले, एवढेच हा निर्देशांक सांगतो. महागाई भत्त्यासाठी तो योग्य साधन आहे, दोन शहरांच्या तुलनेसाठी नाही.

सरकारी वर्गवारीही फारशी उपयोगी पडत नाही. घरभाडे भत्त्यासाठी केंद्र सरकारने मुंबई, पुणे आणि बंगळूरू या तिन्ही शहरांना ‘एक्स’ या एकाच वर्गात ठेवले आहे. कागदावर तिन्ही समान. भाड्याच्या घराचा शोध घेणाऱ्यास ती समान नाहीत हे पहिल्याच दिवशी कळते; किंबहुना एकाच शहराच्या दोन उपनगरांतही समानता नसते.

म्हणून शहरांची तुलना सोडून आपल्याच घराच्या खर्चाची दोन पाने मांडणे हाच खरा मार्ग उरतो.

हातात पडणारी रक्कम

पत्रावरील तेवीस लाखांत भविष्यनिर्वाह निधीतील कंपनीचा हिस्सा, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि कामगिरीवर अवलंबून असलेले वार्षिक बक्षीस धरलेले होते. ते बाजूला काढल्यावर निश्चित पगार उरला एकवीस लाख. जुना पंधरा लाखांचा आकडाही याच पद्धतीचा होता. वाढ म्हणजे सहा लाख.

आता प्राप्तिकर. २०२५-२६ या वर्षाच्या नव्या करप्रणालीत नोकरदाराला पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट मिळते. पंधरा लाखांवर उपकरासह कर होतो ९७,५०० रुपये आणि एकवीस लाखांवर २,१४,५०० रुपये. म्हणजे सहा लाखांच्या वाढीतून १,१७,००० रुपये कराचे. उरले ४,८३,०००, महिन्याला ४०,२५० रुपये. नव्या प्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट नाही. त्यामुळे बंगळूरूत भाडे भरले तरी करात सवलत नाही. व्यवसाय कर दोन्ही राज्यांत वर्षाला अडीच हजार, तेव्हा त्यात फरक नाही.

सहा लाखांची बातमी अशी महिन्याला चाळीस हजारांवर आली. हेही कमी नव्हते.

दोन चुली

मुलगा, सून आणि सात वर्षांची मुलगी असे तिघे जाणार. ओळखीच्यांकडे चौकशी करून आणि घरे पाहून मुलाने महिन्याचा वाढीव खर्च लिहिला:

जयनगर भागात दोन खोल्या व स्वयंपाकघर, सोसायटीच्या देखभालीसह: ३८,०००
तीन लाखांच्या अनामतीवरील बुडणारे व्याज, ७ टक्क्यांनी: १,७५०
वेगळ्या स्वयंपाकघराचा वाढीव खर्च: ९,०००
घरकामास बाई: ५,०००
मुलीच्या शाळेचा वाढीव खर्च: ४,०००
वर्षातून घरी तीन फेऱ्या, मासिक सरासरी: ५,०००
एकूण: ६२,७५०

पगाराची निव्वळ वाढ ४०,२५०; वाढीव खर्च ६२,७५०. दरमहा २२,५०० रुपयांची तूट. पानाकडे पाहून घर काही वेळ गप्प राहिले.

यातील व्याजाची ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत. नवी मुंबईत अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार आणि काही महिन्यांची अनामत ही रीत आहे. बंगळूरूत अनामत पुष्कळ मोठी मागण्याची प्रथा आहे. ही रक्कम परत मिळते म्हणून ती खर्च नव्हे, असे वाटते. पण व्यापाऱ्याच्या घरात अडकलेल्या पैशाला व्याज असते हे समजावून सांगावे लागत नाही.

खरी गोम दुसरीकडे होती. बंगळूरू महाग आहे म्हणून ही तूट आली नव्हती. सानपाड्याचे घर स्वतःचे, चूल एक, घरकामाची बाई एक. तिघे गेले तरी तेथील देखभाल खर्च, वीज आणि बाईचा पगार जवळजवळ तसाच राहतो. वाणसामान जेवढे कमी होईल तेवढे वजा करूनच नऊ हजार धरले होते. हेच तिघे नवी मुंबईत पस्तीस हजार भाड्याच्या घरात वेगळे राहत असते, तर भाड्यातील फरक अवघा तीन हजारांचा असता, आणि वेगळी चूल व बाई आधीच असती. मग वाढीव खर्च १३,७५० आणि दरमहा २६,५०० रुपयांची शिल्लक. शहरे तीच, पगार तोच. एका घराला तोटा, दुसऱ्याला नफा. संयुक्त कुटुंबातून निघणाऱ्याने शेजाऱ्याच्या मुलाचा हिशेब उतरवून घेऊ नये तो याच कारणाने.

तूट भरून निघण्यास पगार किती हवा, तेही मुलाने काढले. एकवीस लाखांवरील रकमेला उपकरासह २६ टक्के कर लागतो. म्हणून वर्षाला २,७०,००० हातात यावेत यासाठी सुमारे ३,६५,००० अधिक हवेत. समतोल पगार सुमारे २४,६५,०००. हा आकडा हाती घेऊन तो कंपनीशी बोलला. पगार वाढला नाही. पहिल्या महिन्याची निवासव्यवस्था मात्र मान्य झाली. हिशेब नसता तर तेवढेही मागितले गेले नसते.

पानावर न मावणाऱ्या ओळी

काही गोष्टी बंगळूरूच्या बाजूने होत्या. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरील हवा सौम्य. वातानुकूलन यंत्राची गरज कमी. कर्नाटकातील गृहज्योती योजनेत सरासरी वापराच्या मर्यादेत दोनशे युनिटांपर्यंतची वीज भाडेकरूंनाही मोफत मिळते. उलट बाजूला पाणी. नवी मुंबई महापालिकेचे स्वतःचे मोरबे धरण आहे. बंगळूरूला कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून उपसून आणावे लागते आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तेथील अनेक वसाहती टँकरवर होत्या. टँकरचे पैसे देखभाल खर्चातून येतात, म्हणून घर घेताना मागील उन्हाळ्याचे बिल मागावे. मोटार नेऊन बारा महिन्यांपेक्षा अधिक ठेवली तर पुनर्नोंदणी आणि तेथील वाहन कर आला. मुलाने मोटार घरीच ठेवली.

मग आजीचा प्रश्न. जूनअखेर मुंबई परिसरात सूर्य सव्वासातनंतर मावळतो. बंगळूरूत पावणेसातच्या सुमारास. चौविहार पाळणाऱ्याला हा अर्धा तास मोठा असतो. व्हाइटफील्डकडे भाडे कमी पडेल, असे कोणी सुचविले होते. पण तेथून कार्यालय लांब, मंदिर व पाठशाळा दूर. जयनगर, बसवनगुडी, चिकपेट या भागांत जैन वस्ती जुनी आहे. मंदिरे, उपाश्रय आणि कंदमुळाविना स्वयंपाकाची सोय आहे. भाड्यातील जादा चार-पाच हजार ही मुलीच्या पाठशाळेची आणि सुनेला मिळणाऱ्या सोबतीची किंमत होती, आणि ती भाड्याच्या ओळीतच लिहिली गेली.

चार महिन्यांची कसोटी

राजस्थानातून दिसावरला निघालेले पूर्वज प्रथम एकटे येत. पेढीवर झोपत, बाशात जेवत. जम बसला की मग कुटुंब. वडिलांनी तोच मार्ग सुचविला. एकट्याचा खर्च मांडला: सामायिक खोली १४,०००, जेवण ७,०००, प्रवास ३,०००, दरमहा घरी एक फेरी ८,०००, एकूण ३२,०००. ४०,२५० मधून ८,२५० शिल्लक. २०२५ चा चातुर्मास जुलैत सुरू होत होता. साधू-साध्वी चार महिने एका ठिकाणी राहतात. तेवढे त्यानेही राहून पाहावे, असे ठरले.

आरंभी जयनगरहून इलेक्ट्रॉनिक सिटीला बसने जाण्यात त्याचे रोज अडीच-तीन तास मोडत. १० ऑगस्टला आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र ही मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली आणि वेळ बराच वाचला. प्रवासाचे तीन हजार जवळजवळ बरोबर निघाले. जेवणाचा अंदाज चुकला, तो नऊ हजारांवर गेला. दिवस लहान होत गेला तसा सायंकाळचा डबा कार्यालयातच उघडावा लागला. कार्तिकात तर साडेपाचलाच. रोज त्या वेळी तो आजीला दूरध्वनी करी. काम मात्र त्याला आवडले. ऐरोलीत पाच वर्षांत जे शिकायला मिळाले नसते, ते येथे वर्षात मिळेल असे त्याचे मत झाले.

कार्तिकी पौर्णिमेनंतर घर पुन्हा त्याच पानाभोवती बसले. श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे: कोणत्या दिशेला किती दूर जायचे, याची मर्यादा निघण्यापूर्वीच आखून घ्यायची. वडिलांनी पानाखाली तीन ओळी लिहिल्या. सून व नात नव्या शालेय वर्षी जातील. तूट दोन वर्षेपर्यंत पेढी भरील आणि ती मुलाच्या खाती उघडपणे लिहिली जाईल. क्रेडिट कार्डावर एक रुपयाही थकवायचा नाही. दोन वर्षांत पगार समतोलाला पोहोचला नाही, तर पुन्हा बसून ठरवायचे, आणि परत येण्यात कमीपणा मानायचा नाही.

दुसरी ओळ वडिलांनी मुद्दाम लिहिली होती. परगावी गेलेला मुलगा घरी तूट सांगत नाही. चांगल्या पगाराची बातमी नातेवाइकांत पोहोचलेली असते, मग मागणार कोणत्या तोंडाने? तो कार्डावर भागवितो, आणि कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला छत्तीस ते बेचाळीस टक्के व्याज चढते. बाजारात कोणताही व्यापारी ज्या दराने उधार घेणार नाही, त्या दराने त्याच व्यापाऱ्याचा मुलगा केवळ संकोचापायी उधार घेतो. संकोच मोडण्याचे काम घरच्यांनीच, आणि तो निघण्यापूर्वी, करायचे असते.

कागदावर एक जागा मात्र रिकामी राहिली. रोज सायंकाळी आजीजवळ बसून सामायिक करणारी नात जाईल, तेव्हा त्या ओळीपुढे काय लिहायचे, हे कोणाला सुचले नाही. आजीनेच पान दुमडले आणि म्हणाली, “एवढे माझ्या खाती लिहा.”