घरी ऐकणारा कुत्रा रिंगणात का बिथरतो?

घराच्या अंगणात ‘बस’ म्हणताच बसणारा, हाक मारताच धावत येणारा कुत्रा आज्ञापालनाच्या स्पर्धेत उतरला की अनेकदा वेगळाच वागतो. मालकाच्या पायाशी चालता चालता मागे रेंगाळतो, जमीन हुंगत बसतो, जांभया देतो, भलतीकडेच पाहत राहतो. बघणाऱ्यांना तो हट्टी वाटतो आणि मालकाला चारचौघांत ओशाळल्यासारखे होते. पण बहुतेक वेळा तो हट्ट नसतो. कुत्र्यावर ताण आलेला असतो आणि ज्याच्याकडे पाहून तो निर्धास्त होतो, ते माणूसच त्याला त्या क्षणी परके वाटू लागलेले असते.

या स्पर्धांचे मूळ अमेरिकेत आहे. हेलन व्हाइटहाउस वॉकर यांच्याकडे पूडल जातीचे कुत्रे होते. पूडल म्हणजे नुसता नटवलेला, दिखाऊ कुत्रा हा समज खोडून काढण्यासाठी त्यांनी १९३३ साली न्यूयॉर्क राज्यातील माउंट किस्को येथे पहिली चाचणी भरवली. तीत आठ कुत्रे उतरले होते. १९३६ पासून अमेरिकन केनेल क्लबच्या नियमांखाली या स्पर्धा होऊ लागल्या. प्राथमिक गटात पट्ट्यासह आणि पट्ट्याविना मालकाच्या डाव्या पायाशी चालणे, दोन माणसांभोवती इंग्रजी आठाच्या आकारात फिरणे, परक्या परीक्षकाने अंगाला हात लावला तरी स्थिर उभे राहणे, हाकेसरशी परत येणे अशी कामे असतात. एकूण गुण २००. उत्तीर्ण होण्यासाठी किमान १७० गुण लागतात आणि प्रत्येक कामात निम्म्याहून अधिक गुण मिळवावे लागतात.

खरी मेख नियमांत आहे. रिंगणात खाऊ नेता येत नाही. काम चालू असताना शाबासकी देता येत नाही. आज्ञा दुसऱ्यांदा दिली तर गुण जातात. सरावात कुत्र्याला बिस्कीट, कौतुकाचा शब्द आणि गरज पडल्यास दुसरी हाक, या तिन्हींची सवय झालेली असते. रिंगणात तिन्ही एकदम नाहीसे होतात. शिवाय कुत्र्याचे शिकणे जागेला बांधलेले असते. स्वयंपाकघरात शिकलेले ‘बस’ गर्दीच्या मैदानावर आपोआप लागू होत नाही. तिथे ते पुन्हा शिकवावे लागते.

अशा वेळी हाती उरते ती एकच गोष्ट, माणूस आणि कुत्रा यांच्यातील नजरेचा धागा. हंगेरीतील संशोधकांनी २००३ साली माणसांनी वाढवलेले लांडगे आणि कुत्रे यांची तुलना केली. खाऊ मिळवण्याचा मार्ग बंद झाल्यावर लांडगे स्वतःच झटत राहिले. कुत्र्यांनी मात्र लवकरच वळून माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिले. २०१५ साली जपानी संशोधकांना असे आढळले की, कुत्रा आणि मालक एकमेकांकडे बराच वेळ पाहत राहिले तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे जिव्हाळ्याशी निगडित संप्रेरक वाढते. लांडग्यांच्या बाबतीत तसे दिसले नाही.

मात्र याच धाग्यावरून काळजीही प्रवास करते. स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठाने २०१९ साली ५८ कुत्रे आणि त्यांच्या मालकिणींच्या केसांतील कॉर्टिसोल या ताणाशी संबंधित संप्रेरकाचे प्रमाण मोजले. माणसाचा दीर्घकाळचा ताण जास्त असेल तर कुत्र्याचाही जास्त, असा संबंध त्यात दिसला. स्पर्धेत उतरणाऱ्या जोड्यांमध्ये तो अधिक ठळक होता. २०२२ साली बेलफास्ट येथील प्रयोगात, माणसाला ताण येण्यापूर्वीचा आणि ताण आल्यानंतरचा घाम व श्वास यांच्या वासातील फरक प्रशिक्षित कुत्र्यांनी ओळखला. म्हणजे मालकाने चेहऱ्यावर कितीही हसू आणले तरी धडधडणारी छाती लपतेच असे नाही.

म्हणून तयारी आधी माणसाची हवी. वळणे, थांबे आणि चालण्याची गती कुत्र्याशिवाय घोटून घेतली, तर रिंगणात पावले अडखळत नाहीत. घाबरल्यावर माणूस हळू चालतो, खांदा वळवून कुत्र्याकडे वाकून पाहतो. सरावापेक्षा वेगळी ही हालचाल पाहून कुत्रा गोंधळतो आणि मागे पडतो. सरळ पाहणे, ठरलेली गती आणि संथ श्वास एवढे पाळले तरी कुत्र्याला आपला नेहमीचा माणूस सापडतो.

खाऊ एकदम बंद करू नये. आधी तो खिशातून काढून थोड्या अंतरावर ठेवावा. काम झाले की दोघांनी मिळून तिथे धावत जावे आणि मग तो द्यावा. हळूहळू एकाऐवजी दोन, तीन कामांनंतर द्यावा. असा सराव बाग, रेल्वे स्थानकाबाहेरचा मोकळा भाग, शाळेचे मैदान अशा निरनिराळ्या ठिकाणी करावा. दोन कामांच्या मधल्या वेळात बोलण्याची, पाठ थोपटण्याची मुभा असते. अनेक जण ते क्षण पुढच्या कामाच्या चिंतेत घालवतात. वास्तविक तुटलेला धागा पुन्हा जोडण्याची संधी तीच असते.

रागावून किंवा गळपट्ट्याला हिसका देऊन लक्ष परत येत नाही. पोर्तुगालमधील ९२ कुत्र्यांच्या २०२० सालच्या अभ्यासात, धाकदपटशाने शिकवलेल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणे जास्त दिसली आणि प्रशिक्षणानंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसोलही अधिक वाढलेले आढळले. ओठ चाटणे, जांभई देणे, मान वळवणे, विनाकारण हुंगणे ही कुत्र्याची ‘मला जमत नाहीये’ असे सांगण्याची भाषा आहे. ती दिसली की काम सोपे करावे आणि वारंवार दिसली तर त्या दिवसापुरते थांबावे.

दुखण्याची शंकाही मनात असू द्यावी. कमरेच्या सांध्याचा त्रास असलेला कुत्रा बसायला वेळ लावतो किंवा एका कुशीवर बसतो. मान वर करून बराच वेळ चालल्यानेही स्नायू अवघडतात. उन्हाळ्यात धापा टाकणारा कुत्रा शरीर थंड करण्यात गुंतलेला असतो. त्याच्याकडून एकाग्रतेची अपेक्षा चुकीची ठरते. नीट जमणारे काम अचानक बिघडले, तर सराव वाढवण्याआधी पशुवैद्यकाकडे जावे.

ज्यांना स्पर्धेत उतरायचे नाही, त्यांनाही हे धडे उपयोगी आहेत. परक्या हाताला न घाबरता उभा राहणारा कुत्रा दवाखान्यातील टेबलावर लवकर तपासून होतो. आणि रस्त्यावर पट्टा निसटला, तर खिशातला खाऊ दाखवायला वेळ नसतो. त्या वेळी एका हाकेवर मागे वळून पाहण्याची सवयच त्याला गाडीखाली येण्यापासून वाचवते.