‘उपचार नकोत’ कोणी म्हणायचे? काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय १८४५ पासून गोरगरिबांचा आधार आहे. अशा मोठ्या रुग्णालयात काही प्रश्न पुन्हा पुन्हा उभे राहतात. मधुमेहाने सडलेला पाय कापू द्यायला रुग्ण तयार नाही, आता काय करायचे? कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या आजोबांना व्हेंटिलेटर लावायचा का? नातेवाईक हादरलेले असतात आणि डॉक्टरांच्या हाती वेळ थोडा असतो. अशा घडीला ऐकीव माहितीवर निर्णय होतात. म्हणून या विषयातले गैरसमज आधीच दूर केलेले बरे.

गैरसमज : जीव वाचवणारा उपचार नाकारणे म्हणजे आत्महत्याच.

वस्तुस्थिती : सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यांच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये येतो, असा निर्णय दिला. सज्ञान आणि विचार करण्याच्या स्थितीत असलेली व्यक्ती कोणताही उपचार नाकारू शकते. त्यानंतर मृत्यू आला, तर तो आजारामुळे येतो. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर पवनारच्या आश्रमात विनोबा भावे यांनी औषध आणि अन्नपाणी घेणे थांबवले आणि १५ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. अन्नपाणी सोडण्याबद्दल मतभेद आहेत, पण औषध नको म्हणण्याचा हक्क आज न्यायालयाने मान्य केला आहे.

नैराश्याच्या भरात विष घेतलेल्या माणसाची गोष्ट मात्र वेगळी. अशी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली असते, असे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ गृहीत धरतो. तिला शिक्षेची नव्हे, उपचारांची आणि आधाराची गरज असते.

गैरसमज : निर्णय शेवटी घरच्यांचाच.

वस्तुस्थिती : रुग्ण शुद्धीवर असेल आणि त्याला सारे समजत असेल, तर निर्णय त्याचाच. मुलाची, नवऱ्याची किंवा आईची सही त्याच्या शब्दाची जागा घेऊ शकत नाही. दिल्लीतील एका महिलेला तपासणीसाठी भूल दिलेली असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढले. ती संमती वैध नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरवले. रुग्ण बेशुद्ध असेल, जीव तातडीने धोक्यात असेल आणि त्याची इच्छा माहीत नसेल, तर डॉक्टरांनी संमतीसाठी न थांबता उपचार सुरू करायचे असतात. लहान मुलाच्या बाबतीत आईवडिलांचा नकार हा त्या मुलाचा नकार नसतो. तिथे मुलाचे हित आधी पाहावे लागते.

गैरसमज : अरुणा शानबाग प्रकरणानंतर भारतात इच्छामरण कायदेशीर झाले.

वस्तुस्थिती : भायखळ्याहून थोड्याच अंतरावर असलेल्या परळच्या केईएम रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर क्रूर हल्ला झाला. त्यानंतर त्या कधीच पूर्ववत झाल्या नाहीत. त्यांना मरू द्यावे, या मागणीसाठी पत्रकार पिंकी विराणी यांनी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. केईएमचे कर्मचारी त्यांची सेवा करत होते आणि त्यांना ही मागणी मान्य नव्हती. मात्र त्याच निकालाने कठोर अटींवर कृत्रिम जीवनाधार काढण्याची वाट खुली केली. शानबाग १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने वारल्या. इंजेक्शन देऊन मृत्यू घडवून आणणे आजही गुन्हा आहे. आपल्याला काय हवे, हे सांगण्याची संधी अरुणाताईंना मिळालीच नाही. आपल्यातल्या प्रत्येकाला ती आज आहे.

गैरसमज : वैद्यकीय इच्छापत्रासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

वस्तुस्थिती : २०१८ च्या निकालाने दंडाधिकाऱ्यांची सही सक्तीची केली होती. २४ जानेवारी २०२३ रोजी ती अट शिथिल झाली. आता १८ वर्षांवरील कोणीही ‘लिव्हिंग विल’, म्हणजे पुढे कोणते उपचार नकोत याचे इच्छापत्र, लिहून दोन साक्षीदारांसमोर सही करू शकतो आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घेऊ शकतो. त्यात आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावे लिहायची असतात. एक प्रत घरच्यांकडे, एक फॅमिली डॉक्टरांकडे आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी. विचार बदलला, तर ते केव्हाही लेखी रद्द करता येते. ते अमलात आणण्याआधी डॉक्टरांची दोन स्वतंत्र मंडळे रुग्णाची स्थिती तपासतात.

गैरसमज : ‘डामा’वर सही झाली की रुग्णालय मोकळे.

वस्तुस्थिती : डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी जाण्याच्या या कागदावर अंगठा उमटला, एवढ्याने नकार खरा ठरत नाही. आजार काय, उपचार कोणते, ते न घेतल्यास काय होईल, हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे. एका उपचाराला नकार म्हणजे सगळ्याच उपचारांना नकार नव्हे. वेदनाशमन आणि शुश्रूषा चालूच राहिली पाहिजे. रुग्ण उद्या परत आला, तर त्याला दाराबाहेर ठेवता येत नाही.

सगळ्यात मोठा अन्याय पुढेच आहे. ‘नको डॉक्टर, घरी नेतो’ या शब्दांमागे अनेकदा फक्त पैशांची चणचण असते. त्याला स्वेच्छा म्हणणे खोटेपणाचे आहे. अशा वेळी वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्याच लागतात, हे लक्षात ठेवा.

म्हणून ‘नको’ हा शब्द मान्य करण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. हे रुग्ण स्वतः म्हणतोय का? त्याला सारे समजले आहे का? कोणाचा दबाव आहे का? खर्चाची सोय झाली, तरी तो हेच म्हणेल का? चारही उत्तरे पटणारी असतील, तर तो नकार निमूटपणे मान्य करणे हे डॉक्टरांचे आणि घरच्यांचे कर्तव्य आहे. एक जरी उत्तर डळमळीत असेल, तर त्या कागदावर सही घेण्याची वेळ अजून आलेली नाही.